पहिल्या महायुद्धातील जड द्विपंखी बॉम्बफेकी विमाने: एवढे पंख कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पहिल्या महायुद्धातील जड बॉम्बफेकी विमाने छायाचित्रांत अजस्र दिसतात, पण त्यांनी नेलेल्या बॉम्बचे वजन मात्र किरकोळ वाटते. मग एवढे मोठे आणि तेही एकावर एक असे दुहेरी पंख कशासाठी? एकपंखी विमाने तेव्हाही होती, तर द्विपंखी रचना हे त्या काळच्या अभियंत्यांचे अज्ञान होते का? आणि त्यांपैकी एखादे विमान कधी भारतात आले होते का?

विमानांच्या सांगाड्यांची तपासणी आणि दुरुस्ती हा माझा व्यवसाय होता आणि उमेदवारीच्या काळात कापडी आवरणाच्या, तारांनी ताणलेल्या जुन्या द्विपंखी विमानांवरही काम करायला मिळाले. त्यामुळे लढायांच्या इतिहासापेक्षा मी सांगाड्याच्या बाजूने उत्तर देणार आहे. ही रचना अज्ञानातून आलेली नव्हती, हे प्रथमच सांगतो. हाती लाकूड, कापड, पोलादी तारा आणि फार तर ३६० अश्वशक्तीची इंजिने असताना जड ओझे उचलण्याचा तोच व्यवहार्य मार्ग होता आणि चार वेगवेगळ्या देशांतील अभियंते एकमेकांशी शत्रुत्व असतानाही त्याच उत्तरापाशी पोहोचले.

आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. ब्रिटिशांच्या हँडली पेज ओ/४०० या विमानाचे भरलेले वजन सुमारे ६,०६० किलो होते आणि पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १५३ चौरस मीटर. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण ४० किलो भार येई. जर्मनीच्या गोथा जी-४ या विमानाचा हिशेबही जवळपास ४० किलोच येतो. चार इंजिनांच्या त्सेपेलिन-श्टाकेन आर-६ या महाकाय विमानाचा सुमारे ३६ आणि इटलीच्या तीन इंजिनांच्या काप्रोनीचा सुमारे ३५. तुलनेसाठी दुसऱ्या महायुद्धातील लँकेस्टर हे ब्रिटिश बॉम्बफेकी विमान घेतले, तर हाच आकडा २३० ते २४० च्या घरात जातो. आकाराने, इंजिनांच्या संख्येने आणि जन्मदेशाने इतकी वेगळी असलेली विमाने ३५ ते ४० या एकाच पट्ट्यात सापडावीत, हा योगायोग नव्हे. इंजिनाची ताकद कमी असली की विमान हळू उडते. हळू उडत असताना हवेत टिकायचे, तर पंखाचे क्षेत्रफळ वाढवावे लागते. शिवाय उतरायचे असे ते कुरणावर, सिमेंटच्या धावपट्टीवर नव्हे. त्यामुळे उतरतानाचा वेगही कमीच ठेवणे भाग होते.

आता एवढे क्षेत्रफळ आणायचे कोठून? पंख एकच ठेवला तर तो फार लांब होतो, आणि लांब पंखाच्या मुळाशी पडणारा वाकवणारा ताण पातळ लाकडी तुळईला पेलवत नाही. त्या काळी पंखाचा छेद पातळ ठेवण्याची पद्धत होती, त्यामुळे पंखाच्या पोटात खोल तुळई बसवायला जागाच नसे. द्विपंखी रचनेत मात्र वरचा पंख, खालचा पंख, मधले उभे खांब आणि तिरप्या तारा मिळून रेल्वेच्या जाळीदार पुलासारखा एक सांगाडा तयार होतो. या सांगाड्याची परिणामकारक खोली म्हणजे दोन पंखांमधले संपूर्ण अंतर. खोली वाढली की तेवढाच ताण पेलायला साहित्य कमी लागते. उड्डाणात पंख वर उचलले जाऊ पाहतात, तेव्हा धडाच्या बाजूने वर आणि बाहेर जाणाऱ्या तारा भार घेतात. विमान जमिनीवर उभे असते तेव्हा पंखांचे वजन उलट्या दिशेने जाणाऱ्या तारा पेलतात. म्हणून विमानाच्या अंगावर दोन्ही प्रकारच्या तारांचे जाळे दिसते आणि त्यातली एकही तार शोभेची नसते.

एकपंखी विमाने त्या काळी होती, हे खरे आहे, पण ती हलकी, एक किंवा दोन माणसांची होती. त्यांच्या पंखांनाही वरखाली तारा लावाव्याच लागत. १९१२ साली काही प्राणघातक अपघातांनंतर ब्रिटिश लष्कराने आपल्या वैमानिकांना एकपंखी विमाने उडवण्यास काही महिने मनाईही केली होती. त्या मनाईमुळे ब्रिटनमध्ये एकपंखी विमाने मागे पडली, असे म्हणतात. लढाऊ विमानांपुरते त्यात तथ्य असेल, पण जड विमानांच्या बाबतीत मला ते पटत नाही, कारण अशी कोणतीही मनाई नसलेल्या जर्मनी, इटली आणि रशिया या देशांनीही जड विमाने एकापेक्षा जास्त पंखांचीच बांधली.

या रचनेची किंमत अर्थातच मोजावी लागे. खांब, तारा, उघडी इंजिने, उघड्यावर बसलेले तोफची आणि चाकांचा गुंतागुंतीचा सांगाडा यांमुळे हवेचा अडथळा प्रचंड होई. ओ/४०० ची दोन इंजिने मिळून सुमारे ७२० अश्वशक्ती देत, तरी कमाल वेग ताशी १५५ किलोमीटरच्या आसपासच राही. समोरून ताशी ५० किलोमीटरचा वारा असला, म्हणजे जमिनीवरून पाहणाऱ्याला ते विमान मोटारीच्या वेगाने जाताना दिसे. रात्रीच्या मोहिमा सहा-सहा, आठ-आठ तास चालत, त्या उगाच नव्हे.

अशा विमानाची देखभाल म्हणजे काय, हे थोडे तपशिलात सांगतो, कारण विमानांच्या इतिहासात हा भाग सहसा वगळला जातो. द्विपंखी विमान जोडल्यावर आधी ते टेकूंवर ठेवून धड आडवे आणि उभे असे दोन्ही दिशांनी पाणसळीत आणावे लागते. मग वरच्या पंखावरून ओळंबे सोडून खालचा पंख त्याच्याशी किती मागेपुढे आहे, हे मोजायचे. पंखाचा हवेशी असलेला कोन फळी आणि पाणसळ लावून प्रत्येक खांबापाशी तपासायचा. फरक दिसला की संबंधित तारेच्या टर्नबकलला, म्हणजे तार ताणण्याच्या आटेदार जोडाला, पाव-अर्धा फेरा द्यायचा. एक तार ताणली की तिच्या समोरची सैल पडते आणि शेजारच्या चौकटीतली मापे हलतात, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून मोजणी. टर्नबकलचे आटे पुरेसे आत गेले आहेत की नाही, हे बघायला एक बारीक भोक असते. त्यात तारेचा तुकडा घालून पाहायचा. आत गेला, तर आटे अपुरे आहेत आणि ते टर्नबकल धोक्याचे. सगळे जमल्यावर प्रत्येक टर्नबकल बारीक तारेने बांधून टाकायचे, म्हणजे इंजिनाच्या थरथरीने ते उलगडत नाही. लहान शिकाऊ विमानावर हे काम दोन माणसांचा दिवस खाते. तीस मीटर पंखविस्ताराच्या ओ/४०० वर, पावसाळी कुरणात, कापडी तंबूच्या आडोशाला, रोजच्या रोज हे करणाऱ्या रिगरांविषयी, म्हणजे तारा आणि सांगाडा जुळवणाऱ्या कारागिरांविषयी, मला वैमानिकांइतकाच आदर वाटतो. लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते, आणि दोन्ही वेळा तारांचा ताण बदलतो. त्यावर कापड चढवलेले, कापडावर डोप नावाच्या रोगणाचे थर. डोप वाळताना कापड ढोलकीच्या पुडीसारखे ताठ होते, पण ऊन-पावसाने काही महिन्यांत ते पुन्हा सैलावते.

आता विमानांकडे वळू. या वर्गाचा आरंभ रशियात झाला. इगोर सिकॉर्स्की यांच्या चार इंजिनांच्या 'इल्या मुरोमेत्स'ने डिसेंबर १९१३ मध्ये पहिले उड्डाण केले, आणि जून १९१४ मध्ये त्याने सेंट पीटर्सबर्ग ते कीव्ह आणि परत असा प्रवास केला. मुळात ते प्रवासी विमान म्हणून कल्पिलेले होते. त्याला बंद कक्ष होता, आणि तो इंजिनांच्या धुराच्या नळ्यांनी उबदार ठेवलेला असे. युद्ध सुरू झाल्यावर त्याचे बॉम्बफेकी पथक उभारले गेले. त्याची खरी अडचण सांगाड्याची नव्हतीच, ती होती इंजिनांची. सुरुवातीची आर्गुस इंजिने जर्मन बनावटीची होती, आणि युद्ध त्याच देशाशी जुंपले. पुढे जी मिळतील ती इंजिने बसवावी लागली. इटलीत जान्नी काप्रोनी यांच्या विमानांनी ऑगस्ट १९१५ पासून आल्प्सपलीकडे ऑस्ट्रियाच्या ताब्यातील ठिकाणांवर हल्ले सुरू केले. त्यांच्या मागच्या तोफचीची जागा मागील इंजिनाच्या वर, उघड्या जाळीच्या पिंजऱ्यात होती. हिवाळ्यात आल्प्सवरून तेथे उभे राहून जाण्याची कल्पनाच पुरेशी आहे.

सर्वाधिक गाजली ती गोथा विमाने. बेल्जियममधील गेंट शहराभोवतीच्या तळांवरून, एर्न्स्ट ब्रांडेनबुर्ग यांच्या नेतृत्वाखाली, त्यांनी मे १९१७ पासून इंग्लंडवर हल्ले केले. १३ जून १९१७ रोजी लंडनवर भर दिवसा झालेल्या हल्ल्यात १६२ माणसे मेली. पॉपलर भागातील एका शाळेवर पडलेल्या बॉम्बने १८ मुलांचा बळी घेतला. गोथा विमाने ज्या उंचीवरून येत, तेथपर्यंत चढायलाच बहुतेक ब्रिटिश लढाऊ विमानांना इतका वेळ लागे की ती पोहोचेपर्यंत हल्लेखोर परतीच्या वाटेवर असत. या हल्ल्यांचे राजकीय परिणाम बॉम्बच्या वजनाशी अजिबात प्रमाणात नव्हते. ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळातील जनरल स्मट्स यांचा अहवाल, त्यातून लष्कर आणि नौदल यांची हवाई दले एकत्र होणे, आणि १ एप्रिल १९१८ रोजी रॉयल एअर फोर्सची स्थापना, ही सारी साखळी त्या उन्हाळ्यातून निघते. पण संरक्षण सुधारताच गोथांना सप्टेंबर १९१७ पासून रात्रीचा आश्रय घ्यावा लागला, आणि मग त्यांचा सर्वांत मोठा शत्रू ठरली जमीन. शत्रूच्या माऱ्याने जितकी गोथा विमाने गेली, त्याहून जास्त अपघातांत गेली.

याची कारणे पूर्णपणे तांत्रिक आहेत. गोथाचे बॉम्ब टाकून झाले आणि इंधन बरेचसे जळाले, की वजनाचा मध्य सरकत असे, आणि जाताना ठीक वागणारे विमान परतताना वैमानिकाच्या हातात ओढाळ होई. वैमानिक तोवर कित्येक तास थंडीत बसून थकलेला असे, खाली धुके आणि मोजके दिवे. त्यात जी-४ च्या इंधनाच्या टाक्या इंजिनांच्या खालीच बसवलेल्या होत्या. जोराने आदळल्यावर चाके मोडली की टाक्या फुटत आणि वरचे तापलेले इंजिन त्यांवर येई. पुढच्या जी-५ मध्ये टाक्या धडात हलवल्या गेल्या आणि त्यानंतरच्या काही विमानांना नाकाखाली जादा चाके दिली. ब्रिटिशांनीही अगदी हाच बदल केला. आधीच्या ओ/१०० मध्ये इंजिनांच्या मागे असलेल्या टाक्या ओ/४०० मध्ये धडात आणल्या आणि तेथून वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्यांच्या पंपांनी इंधन वरच्या पंखातील छोट्या टाक्यांत चढवून ते आपोआप इंजिनांत उतरेल, अशी सोय केली.

येथे एका पसरलेल्या गैरसमजाचाही उल्लेख करायला हवा. १ जानेवारी १९१७ रोजी एक नवे कोरे ओ/१०० वाट चुकून फ्रान्समधील लाँ शहराजवळ जर्मनांच्या ताब्यातील हद्दीत उतरले आणि धडधाकट अवस्थेत शत्रूच्या हाती लागले. त्याची नक्कल करून गोथा बनवली, असे अनेकदा लिहिले जाते. दोन इंजिनांची गोथा विमाने १९१६ मध्येच उडत होती, एवढे लक्षात घेतले तरी ही कथा टिकत नाही.

जर्मनांची श्टाकेन आर-६ ही विमाने मला सगळ्यांत अधिक रंजक वाटतात. पंखविस्तार ४२ मीटरहून जास्त, चार इंजिने आणि खाली १८ चाके. उड्डाण चालू असताना इंजिनांपर्यंत पोहोचता आले पाहिजे, ही या वर्गाची मूळ अटच होती, म्हणून प्रत्येक इंजिनगृहात मिस्त्रीसाठी जागा होती. इंजिनावर भरवसा नसला, तर इंजिनाजवळ माणूस बसवायचा, हे त्या पिढीचे सरळ तर्कशास्त्र. फेब्रुवारी १९१८ मध्ये यांपैकी एकाने लंडनवर १,००० किलोचा बॉम्ब टाकला. ब्रिटनवरील मोहिमांत त्यांतले एकही विमान शत्रूच्या माऱ्याने पडले नाही. पण ती इतकी थोडी बनली आणि त्यांच्यामागे इतकी माणसे व कारागिरी खर्ची पडली की लष्करी हिशेबाने तो सौदा महागच होता, असे माझे मत आहे.

भारताचा भाग आता सांगतो, कारण या विमानांच्या ताकदीचे आणि दुबळेपणाचे सगळे विषय त्यात एकत्र येतात. ब्रिटिशांचे सर्वांत मोठे विमान हँडली पेज व्ही/१५०० होते. ३८ मीटरहून अधिक पंखविस्तार आणि ओ/४०० वर असत तीच रोल्स-रॉइस ईगल इंजिने, पण चार. ती एकामागे एक अशा जोड्यांनी बसवली होती, पुढचे ओढणारे आणि मागचे ढकलणारे. हे विमान पूर्व इंग्लंडमधून थेट बर्लिन गाठण्यासाठी बांधले गेले. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धबंदी झाली, तेव्हा तयार असलेली तीन विमाने नॉर्फोकमध्येच राहिली. त्याच्याच एका भावंडाला 'ओल्ड कार्थुशियन' असे नाव देऊन १३ डिसेंबर १९१८ रोजी भारताकडे धाडण्यात आले. मेजर मॅक्लारेन आणि कॅप्टन रॉबर्ट हॅली हे वैमानिक होते, तर ब्रिगेडियर जनरल मॅकइवन प्रवासी. इंजिनांनी वाटेत छळले. मकरान किनाऱ्यावर ओरमाऱ्यापाशी उतरावे लागले आणि तेथून विमान कसेबसे कराचीला पोहोचले. त्याआधी काही आठवडे, डिसेंबर १९१८ मध्येच, पॅलेस्टाइनच्या मोहिमेत वापरलेले एक ओ/४०० कैरोहून निघून कराचीमार्गे कलकत्त्याला आलेही होते. त्यावर असलेले रॉस स्मिथ पुढच्या वर्षी विकर्स व्हिमी या बॉम्बफेकी विमानानेच इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेले.

मे १९१९ मध्ये तिसरे अफगाण युद्ध पेटले. सरहद्दीवरची छोटी बीई-२ सी विमाने डोंगररांगा ओलांडण्यासाठी अपुरी पडत होती, म्हणून काबूलपर्यंत जाण्याची जबाबदारी हॅली यांच्यावर आली. २४ मे १९१९ रोजी रिसालपूरहून उडून त्यांनी आणि निरीक्षक व्हिलियर्स यांनी काबूलवर चार ११२ पौंडी आणि सोळा २० पौंडी बॉम्ब टाकले. एकूण वजन ७६८ पौंड, म्हणजे सुमारे ३५० किलो. जे विमान कमी पल्ल्यावर ७,५०० पौंड नेऊ शकते असे मानले जाई, त्याने प्रत्यक्षात त्याच्या एक दशांशच नेले.

हे अपयश नव्हते, तो वातावरणाचा हिशेब होता. काबूल समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटरवर आहे आणि वाटेतले डोंगर त्याहून उंच. त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तुलनेत पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त कमी होते. हवा विरळ झाली की पंखाची उचल घटते, प्रोपेलरची ओढ घटते आणि हवा दाबून आत घेण्याची सोय नसलेल्या इंजिनाची शक्तीही घटते. तिन्ही तोटे एकाच वेळी. त्यात मे महिन्यातला सरहद्दीवरचा उन्हाळा आणि पाण्याने थंड होणारी इंजिने. इंग्लंडच्या गारव्यासाठी बेतलेल्या विमानाला डोंगरांवरून न्यायचे, तर ओझे कमी करण्यावाचून दुसरा उपाय नव्हता.

नुकसान फार झाले नाही, पण राजवाड्यापर्यंत बॉम्ब पोहोचल्याने राजधानीत घबराट पसरली. लवकरच युद्धबंदी झाली आणि ऑगस्टमध्ये रावळपिंडीचा तह झाला. केवळ एका विमानाने युद्ध संपवले, असे सांगितले जाते. ते मला अतिशयोक्त वाटते, कारण अफगाणिस्तानचे अमीर अमानुल्ला यांच्यापुढे इतरही कारणे होती. मात्र अमीरांनी व्हाइसरॉयना जे कळवले, ते नोंदवण्यासारखे आहे. जर्मनांनी लंडनवर बॉम्ब टाकले तेव्हा त्याला रानटीपणा म्हटले गेले, आणि आता तेच काम त्याची निंदा करणारेच करीत आहेत, असा त्यांचा रोख होता. ब्रिटिश बाजूने याला समर्पक उत्तर कधी दिले गेले, असे मला वाटत नाही.

त्या विमानाचा शेवट भारतीय हवामानाने केला. काबूलहून परतल्यानंतर त्याच्या लाकडाला वाळवी लागल्याचे आढळले आणि ते पुन्हा मोहिमेवर गेले नाही. दुरुस्तीच्या कामातल्या कोणालाही याचे नवल वाटणार नाही. स्प्रूसच्या पोकळ तुळया, आतून रंग नाही, कापडाखाली झाकलेल्या, आणि विमान उघड्या मैदानात उभे. वाळवी आतून खात जाते आणि बाहेरून कापड तसेच ताठ दिसते, म्हणून अशा सांगाड्याची तपासणी करताना तुळईवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकण्याची पद्धत होती. आवाज बोदा आला की कापड फाडायचे.

पुढे काय झाले, हेही विचारले जाईल. द्विपंखी जड विमाने १९१९ मध्ये संपली नाहीत. ब्रिटिश हवाई दलात हँडली पेज हेफोर्ड हे द्विपंखी बॉम्बफेकी विमान तर १९३३ साली दाखल झाले. त्या वर्गातून निघालेली वाहतूक विमाने काबूललाच पुन्हा आली, पण वेगळ्या कामासाठी. अमानुल्लांविरुद्ध बंड झाल्यावर डिसेंबर १९२८ ते फेब्रुवारी १९२९ या काळात, भर हिवाळ्यात, विकर्स व्हिक्टोरिया विमानांनी मुख्यतः पेशावरच्या बाजूने खेपा करून काबूलमधून ५८६ माणसांना बाहेर काढले. इंजिनांची ताकद दहा वर्षांत बरीच वाढली होती. पंखांमधले खांब आणि तारा मात्र तशाच होत्या.